जॉन सीमोर आणि आपला सातबारा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी एक जाडजूड पुस्तक कुठल्या ना कुठल्या इंग्रज सहकाऱ्याच्या घरी पाहिले असेल. डुक्कर कसे पाळावे, पाव कसा भाजावा, कुंपण कसे घालावे, मधमाश्यांची पेटी कशी ठेवावी, हे सगळे रेखाचित्रांसह समजावून सांगणारे. नाव 'द कम्प्लीट बुक ऑफ सेल्फ-सफिशिअन्सी'. १९७६ साली ते आले आणि पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या. ते लिहिणारे जॉन सीमोर १४ सप्टेंबर २००४ रोजी वेल्समधल्या पेम्ब्रोकशरमध्ये वारले, तेव्हा नव्वद वर्षांचे होते. इथल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले. आपल्या लोकांत मात्र त्यांचे नाव फारसे निघत नाही. ते का निघायला हवे, आणि निघाले तर त्यांच्याबद्दल आपण नेमके काय म्हणायला हवे, ह्याविषयी थोडे लिहिते. माझा व्यवसाय प्रयोगशाळेतला आहे, वनस्पतींच्या जनुकांवर मी काम करते. माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, कोरडवाहू. त्यामुळे ह्या माणसाकडे पाहण्याचे माझे डोळे दोन्हीकडचे आहेत.

सीमोर ह्यांचा जन्म १९१४ सालच्या जून महिन्यात लंडनमध्ये झाला. आईवडील लवकरच वेगळे झाले, आईने दुसरे लग्न केले आणि मुलगा एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या फ्रिंटन गावात वाढला. शाळा काही इंग्लंडमध्ये, काही स्वित्झर्लंडमध्ये. पैशाची ददात नव्हती, पण एका घरात पाय रोवून वाढणे त्याच्या वाट्याला आले नाही. केंट परगण्यातल्या वाय गावच्या कृषी महाविद्यालयात तो शिकला. (हेच ते कॉलेज, जिथे इंदूर पद्धतीचे कंपोस्ट जगाला सांगणारे अल्बर्ट हॉवर्ड हिंदुस्थानात जाण्यापूर्वी शिकवत होते. ते २००९ साली बंद झाले.) विसाव्या वर्षी, १९३४ मध्ये, सीमोर दक्षिण आफ्रिकेकडे निघून गेले. तिथे मेंढ्यांच्या फार्मवर मजुरी, मग व्यवस्थापकी, मासेमारीच्या बोटीवर काम, तांब्याच्या खाणीत काम, सरकारी पशुवैद्यक खात्यात काम, असे सगळे करून झाले. महायुद्ध सुरू झाल्यावर ते किंग्ज आफ्रिकन रायफल्समध्ये दाखल झाले, आधी इथिओपियात इटालियनांविरुद्ध लढले आणि नंतर ब्रह्मदेशात.

युद्धानंतर ते इंग्लंडला परतले तेव्हा घर म्हणावे असे त्यांच्याकडे काही नव्हते. काही काळ युद्धकैद्यांना शेतांवर काम लावून देण्याची नोकरी केली. मग खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थान गाठला, त्यावर १९५१ साली पुस्तक आले, १९५३ मध्ये भारतावरच आणखी एक. बीबीसी रेडिओसाठी ते बोलू-लिहू लागले. १९५४ मध्ये सॅली मेडवर्थ ह्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या चित्रकार आणि कुंभकाम करणाऱ्या बाईंशी त्यांचे लग्न झाले आणि दोघे एका शिडाच्या बोटीवर राहू लागले. मूल झाले तसा बोटीवरचा संसार अवघड होऊ लागला. मग सफोकमधल्या ऑरफर्ड गावाजवळ, वस्तीपासून दूर, पाच एकर रेताड जमीन आणि जुनी कॉटेजे त्यांनी भाड्याने घेतली. ह्या जागेचे नाव 'द ब्रूम'.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हे जोडपे कुठले तत्त्वज्ञान घेऊन तिथे गेले नव्हते. स्वस्तात राहायला जागा हवी होती, एवढेच. दुकान लांब, दूध मिळायची पंचाईत, म्हणून गाय आली. गाय आली की दूध घरात मावत नाही. लोणी-चीज काढून उरलेले ताक कोणाला घालायचे? म्हणून डुकरे आली. गायीचे आणि डुकरांचे खत आले तेव्हा भाजीची जमीन सुधारली, आणि भाजीचा पालापाचोळा पुन्हा जनावरांपुढे गेला. एकातून दुसरे असे करत काही वर्षांत हे कुटुंब बाजारातून फार थोडे आणू लागले. १९६१ मध्ये ह्या अनुभवावर 'द फॅट ऑफ द लँड' हे पुस्तक आले, चित्रे सॅलीची. १९६४ च्या सुमारास हे कुटुंब वेल्समध्ये, पेम्ब्रोकशरच्या न्यूपोर्ट गावाजवळ साठ एकरांहून मोठ्या शेतावर गेले. मुले तिथे वाढली. दूध काढणे, कोंबड्या कापणे, गवत वाळवणे ह्यात सगळ्या घराचे हात लागत. ज्या माणसाचे बालपण दोन घरांत आणि दोन देशांत वाटले गेले होते, त्याने आपल्या मुलांना एक घर आणि एक शेत दिले. सीमोर ह्यांच्या आयुष्याकडे पाहताना मला ही गोष्ट त्यांच्या पुस्तकांच्या खपापेक्षा मोठी वाटते.

पुस्तक गाजायला काळही कारण झाला. १९७३ चा तेलाचा धक्का, १९७४ मध्ये वीज वाचवण्यासाठी आठवड्यातले तीनच दिवस चालणारे कारखाने, १९७५ पासून बीबीसीवर 'द गुड लाइफ' ही मालिका. शहरातल्या मध्यमवर्गाला परसात कोबी लावावासा वाटण्याचे ते दिवस होते. पुस्तकाला प्रस्तावना होती ई. एफ. शूमाकर ह्यांची. शूमाकर हे ब्रिटिश कोळसा मंडळाचे वीस वर्षे अर्थतज्ज्ञ, पण त्यांचे १९७३ चे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' वाचले की त्यात गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा भेटतात. हे कुमारप्पा १९३० च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योग संघ चालवत होते आणि तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, शेणखत ह्यांचे अर्थशास्त्र मांडत होते. म्हणजे इथला विचारी इंग्रज १९७६ साली जे नवे म्हणून वाचत होता, त्याचा एक धागा विदर्भातून आलेला होता. अभिमानाने छाती फुगवण्यासाठी हे सांगत नाही. मगनवाडीचा विचार आपल्याकडे 'खादीवाल्यांचे खूळ' म्हणून बाजूला पडला आणि तोच विचार रंगीत चित्रांसह परत आला तेव्हा आपल्याला आवडला, हे ध्यानात यावे म्हणून सांगते.

असो. आता ज्या मुद्द्यांवर माझे सीमोर ह्यांच्याशी जमत नाही ते.

पहिला मुद्दा पैशाचा. सीमोर कुटुंबाचे जेवण जमिनीतून आले, पण रोकड लेखणीतून आली. पुस्तके, रेडिओचे कार्यक्रम, वर्तमानपत्रांतले लेख हे त्यांचे उत्पन्न होते. त्यांनी ते लपवले नाही, पण वाचक विसरतात. पाच एकरांवर घर चालले खरे. ते चालले त्यामागे मुलांच्या सरकारी शाळा, फुकट दवाखाना आणि बीबीसीचा चेक उभे होते.

दुसरा मुद्दा सॅलीचा. लोकांच्या तोंडी सीमोर म्हणजे जॉन. पण १९७३ च्या 'सेल्फ-सफिशिअन्सी' ह्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत आणि सुरुवातीच्या पुस्तकांतली चित्रे सॅलीची आहेत. नवरा व्याख्यानाला किंवा रेकॉर्डिंगला गेला की गायीची धार काढायची थांबत नाही. लोणी, लोणची, मुले, पाहुणे, शिकायला येऊन राहिलेले तरुण, हे कोणी निभावले ते वेगळे सांगायला नको. पुढे दोघे विभक्त झाले. कोणाचे चुकले ह्यात आपल्याला पडायचे कारण नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की 'कुटुंबाची शेती' असा शब्द आला की त्यात कोणाचे श्रम आहेत आणि नाव कोणाचे आहे, हे दोन प्रश्न आपण दर वेळी विचारावेत.

तिसरा मुद्दा माझ्या व्यवसायातला. सीमोर उतारवयात आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यात राहत होते. तिथे जनुकबदल केलेल्या बीटच्या चाचणीचे पीक उपटल्याबद्दल १९९९ साली इतर काही जणांबरोबर ते न्यायालयात उभे राहिले. वय ८४. त्यांचे धैर्य मान्य आहे. बियाण्यावर चार-दोन कंपन्यांची मालकी असू नये हेही मान्य आहे. पण चाचणीचे पीक उपटून उत्तर मिळत नाही, उलट प्रश्न विचारायची सोयच नाहीशी होते. दुष्काळ सोसणारी बाजरी हवी असेल तर ती कोणीतरी कुठल्यातरी शेतात लावून पाहावी लागणार. ते तंत्र कोणाच्या हाती असावे, ह्यावर भांडावे आणि कडाकडा भांडावे. ह्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

आणि चौथा मुद्दा पावसाचा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सफोकचा किनारा हा इंग्लंडमधला कोरड्यांपैकी एक भाग. तिथे वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या माणमध्ये ५०० च्या आसपास. आकडे ऐकून वाटते, फारसा फरक नाही. पण सफोकचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि थंड हवेत जमिनीत टिकतो. आमचा पडतो तो जून ते ऑक्टोबरमध्ये, त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत, आणि मार्च-एप्रिलचे ऊन उरलेला ओलावा ओढून घेते. सीमोर ह्यांच्या गायीला गवत मिळे ते ह्या पावसामुळे. माणमध्ये गायीला चारा छावणीत न्यायची पाळी येते. त्यामुळे 'सीमोर ह्यांनी पाच एकरांत केले, आपल्या शेतकऱ्याला का जमू नये', असे कोणी म्हणाले की मला त्याला एप्रिल महिन्यात म्हसवडला घेऊन जावेसे वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन खातेदारामागे ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. सीमोर ह्यांची 'द ब्रूम' इथली जमीन आपल्या आजच्या सरासरी शेतकऱ्याच्या जमिनीपेक्षा मोठी होती. ते जे आयुष्य त्यांनी आवडीने घेतले, तेच आपल्याकडे लाखो कुटुंबे दुसरे काही जमत नाही म्हणून जगतात. सीमोर ह्यांना इंग्लंडने ऋषी म्हटले. त्याच कामाला, म्हणजे दोन जनावरे, चार कोंबड्या, बांधावर शेवगा, घरापुरती ज्वारी आणि थोडे विकायला, आपण 'बिचारा गावीच राहिला' असे म्हणतो. लंडनच्या किंवा लेस्टरच्या दिवाळीत हे वाक्य मी किती वेळा ऐकले आहे त्याची गणती नाही. बोलणारे सगळे सुशिक्षित, पुरोगामी विचारांचे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर हळहळणारे.

ही जमीन लहान होण्यात आपलाही वाटा आहे, आणि तो कागदावर आहे. घरातला एक जण शेत करतो आणि सातबाऱ्यावर सात-आठ नावे असतात. त्यातली दोन पुण्या-मुंबईची, एखादे न्यू जर्सीचे, एखादे आपल्यासारखे रेडिंग किंवा मँचेस्टरचे. भारताच्या परकीय चलन कायद्याखाली परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने येऊ शकते. म्हणून आपण घेत काहीच नाही, फक्त नावे लागत जातात. वडील वारले की वारसनोंद होते, आणि आपण वर्षानुवर्षे तिकडे पाहत नाही.

माझ्या माहेरी हेच आहे. शेत करतात ते माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, आणि वहिनी. सातबाऱ्यावर नऊ नावे. काही वर्षांपूर्वी दादांनी शेततळ्यासाठी आणि मोटारीसाठी कर्ज मागितले. एका बँकेने सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणायला सांगितली. मी लंडनमध्ये मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवले, अमेरिकेतल्या भावाने तिकडून पाठवले, नाशिकच्या आत्या आजारी होत्या, त्यांचा अंगठा राहिला. सगळे जमेपर्यंत मृगही गेला आणि आर्द्राही. त्या वर्षी दादांनी तळे केले नाही. कर्ज देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर कायद्याने त्याचे चूक म्हणता येणार नाही. पण जी माणसे त्या रानात वर्षातून एक दिवस उभी राहत नाहीत, त्यांच्या सहीवाचून जो रोज राबतो त्याला पाणी अडवता येत नाही, ह्या व्यवस्थेत काहीतरी उफराटे आहे.

मी ह्यातून एका निर्णयाला आले आहे आणि तो तुमच्यापुढे ठेवते. ज्यांची उपजीविका परदेशात व्यवस्थित लागली आहे आणि ज्यांना परत जाऊन नांगर धरायचा नाही, अशांनी आपला हिस्सा कसणाऱ्याच्या नावे सोडावा. रीतसर, नोंदणीकृत कागद करून. मुलांच्या इंग्लिश शाळेच्या फीपुढे त्या अर्ध्या एकराची किंमत काय आहे हे आपण सगळे जाणतो.

इथे एक हरकत लगेच येईल, आणि ती बायकांकडून येईल. यायलाच हवी. हक्कसोडपत्र हा कागद आपल्याकडे बहिणींच्या विरोधात वापरला गेला आहे. रक्षाबंधनाला साडी आणि पुढच्या आठवड्यात तलाठ्यापुढे सही, हे किती घरांत झाले! महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, तो हीच पद्धत मोडण्यासाठी. ज्या बहिणीला त्या जमिनीची गरज आहे, जिचा संसार मोडला आहे, जिला माहेरी परत यायची वेळ येऊ शकते, तिने सही मुळीच करू नये, आणि तिच्यावर कोणी दबाव आणला तर आपण तिच्या बाजूने उभे राहावे. माझे म्हणणे ज्यांना गरज नाही त्यांच्यापुरते आहे, आणि त्यात भाऊ आधी येतात, बहिणी नंतर.

शिवाय मी एक अट घालते. हिस्सा सोडायचा तो एकट्या दादांसाठी नव्हे, दादा आणि वहिनी दोघांसाठी. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले, हे आपल्याला माहीत आहेच. १९८६ च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर त्यांच्या संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम घेतला. गावातल्या पुरुषांनी स्वतःहून जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. शासनानेही बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. जोशींच्या खुल्या बाजाराच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे जमत नाही, पण हा कार्यक्रम त्यांच्या विरोधकांनीही उचलावा असा होता. सॅली सीमोरला निदान पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जागा मिळाली. आमच्या वहिनी गेली तीस वर्षे खुरपतात, गुरांचे करतात, आणि कुठल्याही कागदावर त्यांना शेतकरी म्हटलेले नाही. दादांना मी फोनवर अट सांगितली. ते जरा थांबले आणि म्हणाले, "तुझ्या वहिनीला विचारतो." वहिनींनी फोन घेतला. "ताई, नाव लावा, पण मोटारीचं आधी बघा," असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले. नाव आणि मोटार दोन्हींचे आता पाहते आहे.

'जमीन दिली तर मुळे तुटतील, मुलांना गाव उरणार नाही', असेही कोणी म्हणेल. गाव उरते ते जाण्यायेण्याने. आपली मुले सुट्टीत तिथे जाऊन राहिली, दादांच्या मागे बांधावर फिरली, तर गाव उरेल. न गेली तर सातबाऱ्यावरच्या नावाने उरणार नाही. 'आणि दादांनी उद्या विकली तर?' विकू देत. सीमोर ह्यांनीही 'द ब्रूम' सोडले, वेल्स सोडून आयर्लंडला गेले, शेवटी पुन्हा पेम्ब्रोकशरला मुलीकडे आले. जो जमीन करतो त्याला ती सोडण्याचाही अधिकार असतो. ज्यांची जमीन हमरस्त्याला लागून आहे आणि जिथे कोट्यवधींचा प्रश्न आहे, त्यांचा हिशोब वेगळा. त्यांनी सरळ वाटणी करावी.

वेल्सच्या सरकारने २०१० मध्ये एक धोरण आणले. जे कुटुंब पाच वर्षांत आपल्या किमान गरजा बव्हंशी आपल्याच जमिनीतून भागवून दाखवील, त्याला उघड्या रानात घर बांधून राहायची परवानगी मिळू शकते. त्याआधीच्या वर्षी पेम्ब्रोकशरमध्येच अशा नऊ कुटुंबांच्या वस्तीला परवानगी मिळाली होती. सीमोर त्याच परगण्यात वर्षानुवर्षे हेच करत आणि शिकवत आले होते, तेव्हा ह्या हवेत त्यांचा हात होता असे म्हणायला हरकत नाही. जो जमिनीवर राबतो त्याला तिथे टिकता यावे म्हणून कायदा थोडा वाकवला गेला. आपल्याकडच्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आपल्या एका सहीने होण्यासारखे हे काम आहे.

ज्यांना हे पटत असेल त्यांनी पुढच्या भारतवारीच्या आधी आपल्या जमिनीचा सातबारा काढून पाहावा. तो आता 'महाभूमी'च्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. किती नावे आहेत ते मोजावे, त्यातले शेत कोण करते त्यापुढे खूण करावी, आणि त्या घरच्या बाईचे नाव आहे का ते शोधावे. मग एखाद्या चांगल्या वकिलाला विचारून कागद तयार करावा. ज्यांना पटत नसेल त्यांनी का पटत नाही ते जरूर कळवावे. विशेषतः ज्या बहिणींवर सहीसाठी दबाव आला त्यांचे अनुभव मला ऐकायचे आहेत, कारण त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून माझा हा प्रस्ताव पुरा होत नाही.